पत्ता यंत्राचा, माग माणसाचा

मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून थोडे खाली गेले की वाय-फायचा मॅक ॲड्रेस दिसतो. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे यांतून बनलेल्या त्या सहा जोड्या असतात. बहुतेकांचे तिकडे लक्ष जात नाही. पण याच बारा खुणांच्या भरवशावर कोणी घरच्या वाय-फायला कुलूप घालतो, वसतिगृहाचे नेटवर्क सांभाळणारा विद्यार्थ्यांची नोंद ठेवतो, आणि एखादी जाहिरात कंपनी रस्त्यावरून कोण किती वेळा गेले ते मोजते. म्हणजे यंत्राच्या पत्त्याला आपण माणसाच्या ओळखपत्राचे काम लावले आहे. त्या कामासाठी तो घडवलेलाच नव्हता. म्हणूनच लबाडाला अडवायला तो कच्चा पडतो आणि सरळ वागणाऱ्याचा माग काढायला मात्र पुरेसा पक्का ठरतो.

त्याचे खरे काम अगदी जवळच्या अंतरातले आहे. घरात राउटर एक, त्यावर दोन मोबाइल, एक लॅपटॉप, एक टीव्ही. बाहेरची माहिती आयपी पत्त्याच्या आधारे घरापर्यंत येते. पुढे ती कोणत्या यंत्राच्या हाती द्यायची हे मॅक पत्त्यावर ठरते. राउटरला तो ठाऊक नसेल तर तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो, ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल ते यंत्र आपला मॅक पत्ता कळवते. १९८२ साली मांडलेली ही पद्धत एआरपी या नावाने आजही चालू आहे. माहिती राउटर ओलांडून पुढच्या टप्प्यावर गेली की वरचे पाकीट बदलते आणि त्यावर नव्या टप्प्याचे मॅक पत्ते येतात. आतली चिठ्ठी तेवढी पुढे जाते.

हा पत्ता एवढा लांबलचक का, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात १९७३ साली इथरनेटची कल्पना पुढे आली. तिथल्या प्रायोगिक जाळ्यात यंत्राला ८ बिटांचा क्रमांक असे, म्हणजे जास्तीत जास्त २५६ क्रमांक. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० साली इथरनेटचे मानक जाहीर केले, त्यात हा क्रमांक ४८ बिटांचा झाला आणि शक्य पत्त्यांची संख्या सुमारे २८१ लाख कोटींवर गेली. या बदलामागचा विचार योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या निबंधात मांडला. त्यांतले दलाल हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. जगात कुठल्याही दोन यंत्रांचा क्रमांक सारखा नसेल, तर यंत्र एका जाळ्यातून उचलून दुसऱ्यात लावताना क्रमांक वाटत बसावे लागणार नाही, हा त्यातला व्यवहारी मुद्दा. आज पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था उत्पादकाला देते आणि उरलेल्या तीन उत्पादक स्वतः भरतो. अशा एका गटात १ कोटी ६७ लाखांहून अधिक यंत्रे बसतात. टक्कर टाळणे एवढाच या व्यवस्थेचा हेतू आहे; यंत्र कोणाच्या खिशात आहे हे सिद्ध करणे तिच्या कक्षेत येतच नाही.

तरीही ‘ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश’ ही सोय राउटरमध्ये असते आणि अनेकांना ती सुरक्षित वाटते. इथे एक तांत्रिक बाब निर्णायक ठरते. पासवर्ड लावलेल्या वाय-फायवर मजकूर सांकेतिक होतो, पण पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता उघडाच जातो. जवळपास बसून ऐकणाऱ्याला परवानगी असलेला एक पत्ता टिपता येतो, आणि आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता लावणे काही मिनिटांचे काम आहे. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे कोणी म्हणेल. पण चांगला पासवर्ड असेल तर या यादीने फारसे काही वाढत नाही, आणि नसेल तर ती खोटा दिलासा देते. चोरीला गेलेला फोनही या पत्त्याने बंद करता येत नाही. संचार साथी या सरकारी पोर्टलवर त्यासाठी १५ अंकी आयएमईआय क्रमांक लागतो.

माग काढण्याची गोष्ट उलटी आहे. वाय-फाय चालू असलेला फोन आसपास ओळखीचे नेटवर्क आहे का, अशी विचारणा अधूनमधून करत असतो, आणि पूर्वी त्या प्रत्येक विचारणेत त्याचा कायमचा पत्ता असे. २०१३ साली लंडनच्या सिटी भागात काही कचराकुंड्यांमध्ये बसवलेली यंत्रणा येणाऱ्या-जाणाऱ्यांचे असे पत्ते टिपत असल्याचे उघड झाले आणि तिथल्या प्रशासनाने ती थांबवायला लावली. फोनच्या मालकाने कोणतेही बटण दाबले नव्हते, कशालाही होकार दिला नव्हता. मॅक पत्ता राउटरपलीकडे जात नाही, मग भीती कशाची, या शंकेचे उत्तर इथे मिळते. तो वेबसाइटपर्यंत जात नसला तरी हवेतून कानाच्या टप्प्यातल्या कोणालाही मिळतो.

अशा मोजणीचा लोकांना फायदाही होतो, हा आक्षेप वजनदार आहे. लंडनच्या वाहतूक विभागाने २०१६ च्या अखेरीस ५४ स्थानकांवर चार आठवडे, फलक लावून, वाय-फायच्या नोंदी घेतल्या. किंग्ज क्रॉस ते वॉटर्लू या प्रवासासाठी लोक किमान १८ वेगवेगळे मार्ग वापरतात, हे त्यातून कळले. गर्दीचे नियोजन करणाऱ्याला ही माहिती मोलाची. पण अशा मोजणीला हवे असतात आकडे, माणसे नव्हेत. मोजणी जाहीर असावी, मुदतीची असावी आणि मूळ पत्ते ताबडतोब नष्ट व्हावेत, या अटी पाळून ती होऊ शकते.

फोन बनवणाऱ्यांनी यावर उपाय काढला तो बदलत्या पत्त्याचा. आयओएस ८ ने २०१४ मध्ये विचारणेपुरती सुरुवात केली. २०१९ चे अँड्रॉइड १० आणि २०२० चे आयओएस १४ यांनी प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवणे हीच मूळ सोय केली. ‘डीए:३एफ:०७:९१:बी२:५ई’ असा पत्ता दिसला तर पहिल्या जोडीतले दुसरे अक्षर पाहावे. तिथे २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला नसून यंत्रावरच ठरवलेला आहे. यामुळे वसतिगृहांच्या याद्या बिघडतात, मुलांच्या फोनवरची बंधने सुटतात, ही तक्रार खरी आहे. मात्र एका नेटवर्कवर हा पत्ता सहसा तोच राहतो, त्यामुळे नोंद एकदा नव्याने केली की बरेचसे काम भागते. ओळख खात्रीने पटवायची असेल तर प्रत्येकाला स्वतःचे खाते आणि पासवर्ड देणे हाच सरळ मार्ग. दारातून आत कोणाला घ्यायचे हे ठरवताना माणसाला विचारावे. त्याच्या खिशातल्या यंत्राने हवेत उच्चारलेला क्रमांक ही त्याची साक्ष होऊ शकत नाही.