ताप आलाय, पोटात काही नाही, मग इन्सुलिन घ्यायचं का?

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

पावसाळा सुरू झाला, व्हायरलची साथ आली की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "दोन दिवस ताप आहे, कालपासून जेमतेम चहा-बिस्किटावर आहे, तरी शुगर २८० कशी?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जास्त धोक्याचा: "काही खाल्लंच नाहीये, तर आजचं इन्सुलिन नाही घेतलं तर चालेल ना?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण काही जण पाच मिनिटांनी स्टॉप करून निघून जातात, मला दिसतं ते. टाइप १ असेल तर बेसल इन्सुलिन, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं ते इन्सुलिन, बंद करायचं नाही. ताप असो, जुलाब असोत, घास गिळवत नसो. डोस कमी-जास्त होऊ शकतो, पण शून्य होत नाही.

मी टाइप १ आहे, डॉक्टर नाही. आज जे आकडे सांगणार आहे ते आजारपणाच्या दिवसांसाठी डॉक्टर साधारणपणे जे सांगतात ते आहेत. तुमचे स्वतःचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, आणि ते बरे असताना घ्या. रात्री दीड वाजता १०२ ताप असताना नाही.

आता पहिला प्रश्न. न जेवता शुगर वाढते कशी? आपल्याला सवय असते की शुगर म्हणजे ताटातून आलेली. पण शरीराचं स्वतःचं एक गोदाम आहे, लिव्हर. तिथे साखर साठवलेली असते, आणि गरज पडली तर लिव्हर नवीनही बनवतं. ताप आला, इन्फेक्शन झालं की शरीर ते संकट समजतं आणि कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन, ग्लुकागॉन असे हॉर्मोन सोडतं. लढायला इंधन लागतं ना, मग ही मंडळी गोदामाचं शटर उघडतात. वर इन्सुलिनचा परिणामही कमी करून ठेवतात. ज्याला डायबेटिस नाही त्याचं पॅन्क्रिया जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेतं. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून खाल्लं नाही तरी २८०, आणि म्हणूनच आजारपणात इन्सुलिनची गरज पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्तच असते.

हे घरी पटवणं अवघड जातं. आई फोनवर म्हणते, "अगं, पोटात अन्नाचा कण नाही आणि टोचून कसलं घेतेस? चक्कर येऊन पडशील." तिची भीती खोटी नाही, लो शुगर तिने पाहिलेली असते. तिला एवढंच सांगायचं: जेवणासाठीचं इन्सुलिन वेगळं, आणि जगण्यासाठीचं वेगळं. जेवले नाही तर जेवणाचं घेत नाही. दुसरं घ्यावंच लागतं.

ते नाही घेतलं तर काय होतं? इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. थोडे कीटोन कुणातही असतात, उपास केला तरी होतात. पण इन्सुलिन अजिबात नसलं की ते साचत जातात आणि रक्त आम्लधर्मी होतं. याला डीकेए म्हणतात, डायबेटिक कीटोॲसिडोसिस. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी टाइप १ ची मुलं प्रामुख्याने याच गोष्टीने जात होती. आजही वेळेत उपचार मिळाले नाहीत तर हे जीवघेणं आहे, आणि ते काही तासांत वाढतं.

इथे मला जरा थांबायचंय, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गफलत याच ठिकाणी होते. डीकेएची लक्षणं बघा: मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, प्रचंड थकवा, खूप तहान. आपल्या घरात याला काय म्हणतात? "पित्त झालंय." नाहीतर "मेसचं खाणं बाधलं." मग ॲसिडिटीची गोळी, थोडं आलं-लिंबू, झोप. आणि उलट्या होतायत म्हणून इन्सुलिनही नाही. म्हणजे ज्यामुळे उलट्या सुरू झाल्या असतील तेच आपण आणखी वाढवतो. माझा नियम साधा आहे: टाइप १ असलेल्या माणसाला उलटी झाली तर कीटोन तपासल्याशिवाय त्याला पित्त म्हणायचं नाही. नंतर खरंच पित्त निघालं तर उत्तमच.

तपासायचं कसं? केमिस्टकडे लघवीच्या कीटोन स्ट्रिप्सची डबी मिळते. स्ट्रिप ओली करायची, डबीवर लिहिलेत तेवढे सेकंद थांबायचं आणि रंग जुळवून बघायचा. डबी उघडल्यावर त्या फार दिवस टिकत नाहीत, म्हणून उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. रक्तातले कीटोन मोजणारं मीटर जास्त चांगलं, कारण लघवी काही तासांपूर्वीची गोष्ट सांगते; पण त्याच्या स्ट्रिप्स महाग आहेत आणि सगळीकडे मिळत नाहीत. रक्तात ०.६ च्या आत असेल तर ठीक. १.५ च्या पुढे गेलं तर डॉक्टरांना लगेच फोन. ३ च्या पुढे सरळ हॉस्पिटल. लघवीच्या स्ट्रिपवर रंग मधल्या किंवा गडद पट्टीशी जुळला तर तेही थांबायचं काम नाही. शुगर २५० च्या वर राहत असेल किंवा उलटी होत असेल, तर कीटोन बघायचेच. कीटोन असतील तेव्हा दिवसभराच्या एकूण इन्सुलिनच्या १० ते २० टक्के जादा डोस द्या, असं अनेक डॉक्टर लिहून देतात. तुमच्यासाठी तो नेमका किती युनिट हे फाइलमध्ये लिहून घ्या, टक्केवारीचं गणित तापात करू नका.

शुगर दर दोन ते चार तासांनी, रात्रीसुद्धा. अलार्म लावा. बोट टोचण्याआधी हात धुवा, सरबताचा चिकट हात असेल तर मीटर भलतंच काही दाखवतं. सेन्सर वापरणाऱ्यांसाठी एक गंमत, म्हणजे गंमत नाहीये खरं तर: सर्दी झाली की आपण लिमसीच्या गोळ्या चघळतो. ती ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असते. दिवसाला ५०० च्या वर व्हिटॅमिन सी गेलं तर फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर शुगर खरी आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. त्या आकड्यावर जादा इन्सुलिन घेतलं की लो. आजारपणात सेन्सरचा आकडा विचित्र वाटला तर बोट टोचून खात्री करा.

आता प्यायचं काय. दर तासाला अर्धा-एक ग्लास काहीतरी पोटात जायला हवं, एकदम नाही, घोट घोट. शुगर वर असेल तर पाणी, मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, आमसुलाचं सार बिनागुळाचं. शुगर खाली येतेय आणि जेवण जात नाहीये, तर उलट साखर लागतेच: तांदळाची पेज, मऊ भाताचं पाणी, साखर घातलेलं लिंबू सरबत. कारण बेसल चालू आहे. ७० च्या खाली गेलं तर नेहमीचाच नियम, तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासायचं. ज्यांना हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे आणि पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी मात्र किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

जुलाब असले तर ओआरएस. "त्यात ग्लुकोज असतं ना, मग आपल्याला कसं चालेल?" चालतं. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात एक लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० मिलीच्या ग्लासात तीन ग्रॅमपेक्षा कमी. चहात यापेक्षा जास्त साखर घालतात लोक. ते ग्लुकोज तिथे गोडीसाठी नसतंच, आतड्यातून मीठ आणि पाणी शोषलं जावं म्हणून असतं. पण पाकिटातली पावडर घ्या, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली. त्या टेट्रापॅकमधल्या गोड ड्रिंक्सची गोष्ट वेगळी. एफएसएसएआयने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अशा ड्रिंक्सच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, ती उगाच नाही.

आता टाइप २ वाले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आई-बाबा यात येतात, म्हणून नीट ऐका. इन्सुलिनचा नियम "थांबवू नका" असा आहे, पण काही गोळ्यांचा नियम बरोबर उलटा आहे. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर मेटफॉर्मिन बहुतेक वेळा काही दिवस थांबवायला सांगतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या जेवण झालंय की नाही हे बघत नाहीत, शुगर खाली ओढतात. न जेवता घेतल्या तर लो होऊ शकतं.

आणि तिसरा गट: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली आणि आता पुष्कळ घरांत आहे. चांगली गोळी आहे, हार्टला आणि किडनीला फायदा आहे. पण जेवण बंद, अंगात पाणी कमी आणि ही गोळी चालू, असं झालं तर शुगर १८० दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. म्हणजे मीटरकडे बघून सगळे निवांत, "शुगर तर नॉर्मल आहे बाबांची", आणि बाबा उलट्या करतायत. म्हणून ताप येऊन जेवण सुटलं की या गोळीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचं.

अडचण अशी की बाबांना गोळीचं नाव माहीत नसतं. "ती पिवळी, सकाळची." शिवाय आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र वगैरे. आजच घरी फोन करा आणि सगळ्या स्ट्रिप्सच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. बीपीच्या गोळ्यांचाही, कारण त्यातल्या काही अंगातलं पाणी कमी झाल्यावर किडनीला त्रास देतात. पुढच्या ओपीडीला तो फोटो दाखवून विचारा: आजारपणात यातली कुठली थांबवायची, कुठली चालू, परत कधी सुरू? त्यांना मिक्स इन्सुलिन असेल, ३०/७० म्हणतात ते, तर तेही विचारा. त्यात जेवणाचं आणि बेसल एकत्रच असतं, वेगळं करता येत नाही, त्यामुळे न जेवता किती घ्यायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं.

कफ सिरपच्या साखरेची लोक फार चिंता करतात. चमचाभर सिरपने फारसं काही होत नाही, हवं तर शुगर-फ्री मागा. त्यापेक्षा गूळ-मध घातलेला काढा दिवसातून चार वेळा पितोय का ते बघा. आणि खरी चौकशी करा ती इंजेक्शनची. लवकर बरं वाटावं म्हणून क्लिनिकमध्ये जे टोचतात त्यात कधीकधी डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. गरज असेल तर घ्यावंच लागतं, पण पुढचे एक-दोन दिवस शुगर चढते. "मला डायबेटिस आहे, यात स्टिरॉइड आहे का?" एवढं विचारायला लाजू नका.

हॉस्पिटलला कधी? पाणीसुद्धा पोटात टिकत नाही असे चार-सहा तास गेले. शुगर जादा डोसनंतरही ३०० च्या वरच. शुगर परत परत ७० च्या खाली. श्वास खोल आणि भराभर चाललाय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, माणूस गुंगीत बोलतोय. यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. प्रेग्नंट असाल तर यापेक्षाही लवकर. गाडी नसेल तर १०८, ती ॲम्ब्युलन्स मोफत आहे. कॅज्युअल्टीत "उलट्या होतायत" एवढंच सांगू नका. "टाइप १ डायबेटिस आहे, उलट्या होतायत, कीटोन तपासा," असं सांगा. आणि गोळ्यांचा फोटो दाखवा.

शेअरिंगमध्ये राहत असाल तर रूममेटला हे दोन मिनिटांत सांगून ठेवा. मीटर कुठे, साखर कुठे, कुणाला फोन करायचा. आजारी असताना आतून कडी लावून झोपू नका. रूमवर एकटे असाल तर दर चार तासांनी शुगरचा आकडा कुणाला तरी मेसेज करायचा, आणि मेसेज आला नाही तर समोरच्याने फोन करायचा, असं ठरवून ठेवा.

एक राहिलंच. ताप उतरतो त्या दिवशी जपा. हॉर्मोन शांत होतात, इन्सुलिन परत नीट काम करायला लागतं, आणि आपण मात्र आजारपणातला वाढवलेला डोसच घेत असतो. मग बरं वाटतंय म्हणून आंघोळ करून निवांत झोपावं आणि पहाटे ५५ ला जाग यावी. त्या रात्री झोपण्याआधी आणि मध्ये एकदा तपासा, डोस कसा खाली आणायचा तेही फाइलमध्ये लिहून घ्या.

पुढच्या भागात प्रवासात इन्सुलिन थंड कसं ठेवायचं ते बोलू, मडक्याची आयडियासुद्धा त्यात आहे. प्रश्न व्हॉइस नोटनेच पाठवा, पण उलट्या चालू असतील तर मला नाही, डॉक्टरांना फोन करा.