पुराचें शास्त्र आणि शेतकऱ्याचा निर्णय

पाऊस किती पडला, धरणांत पाणी किती आलें, नदी किती फूट चढली, याचीं टिपणें आपल्या जिल्ह्यांत आज पुष्कळ होतात. परंतु नदीकांठच्या शेतकऱ्यानें आज रात्रीं मोटर काढावी कीं नाहीं, जनावरें केव्हां हलवावीं, हें जर त्या टिपणांवरून त्यास कळत नसेल, तर त्याच्या दृष्टीनें तीं दप्तरांतच राहिलीं असें म्हणावें लागेल. संशोधन करणारा आणि निर्णय घेणारा यांची गांठ वेळेवर कशी पडावी, या प्रश्नाचा विचार आपल्या पंचगंगेपुरता करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जिल्ह्याची ठेवण ध्यानांत घेतली पाहिजे. पश्चिमेस गगनबावड्यास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; पूर्वेस शिरोळास त्याच्या दशांशाच्या आसपास. म्हणजे पूर ज्याच्या शेतांत शिरतो त्याच्या डोक्यावर बहुधा मोठा पाऊस नसतोच. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या पाण्यानें पंचगंगा बनते आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. संगमापाशीं कृष्णा फुगलेली असली म्हणजे पंचगंगेचें पाणी मागें तुंबतें. शिरोळच्या शेतकऱ्यास केवळ आभाळाकडे पाहून निर्णय घेतां येत नाहीं. दुसऱ्यानें दुसरीकडे मोजलेल्या आंकड्यावर त्यास भिस्त ठेवावी लागते.

२०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. तेथील इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळां पुणें-बंगळूर महामार्ग बंद पडला. उभा ऊस दिवसचे दिवस पाण्याखालीं राहिला, आणि ज्याच्या सुरळींत गढूळ पाणी शिरलें तो शेंड्याकडून कुजत गेला. पहिल्या पुरानंतर राज्य सरकारनें निवृत्त सचिव श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालीं अभ्यास समिति नेमली व २०२० सालीं तिचा अहवाल सादर झाला. हा पूर अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळें आला नाहीं, असा समितीचा निष्कर्ष होता. शिरोळ व सांगली भागांत अनेकांस तो पटला नाहीं. निष्कर्ष बरोबर कीं चूक, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या हिशेबावरून असा निष्कर्ष निघतो तो हिशेब गांवकऱ्यास आपल्या घाटाच्या पायरीशीं ताडून पाहतां आला पाहिजे. तरच त्यावर विश्वास बसावयाचा.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तेथें एक गोष्ट पक्की ध्यानांत आली. ज्या आंकड्यास निर्णय जोडलेला असतो, तो आंकडा लोकांस पाठ असतो. पैसेवारी ५० पैशांच्या आंत कीं बाहेर यावर सवलती अवलंबून, म्हणून ती जाहीर होण्याकडे साऱ्या गांवाचे डोळे. महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टि, हेंही घरोघर ठाऊक. उलट ज्यांस असा निर्णय जोडलेला नाहीं असे आंकडे वर्षानुवर्षें नोंदले जातात आणि कोणी त्यांची विचारपूस करीत नाहीं.

राधानगरीचें उदाहरण घ्या. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आरंभिलेल्या या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलें म्हणजे ते आपोआप उघडतात व प्रत्येकांतून दर सेकंदास १,४२८ घनफूट, म्हणजे तितके क्युसेक, पाणी बाहेर पडतें. सातही उघडले तर सुमारें दहा हजार. बातमी येते ती याच भाषेंत: अमुक दरवाजे उघडले, अमुक क्युसेक विसर्ग. शेतकरी मात्र निराळेंच विचारतो: माझ्या पंपाच्या चौथऱ्याला पाणी किती वाजतां लागेल? क्युसेकाचे फूट आणि फुटांचे तास करणें हें शास्त्रज्ञाचें काम आहे. तें शेतकऱ्यावर टाकून चालणार नाहीं.

हा मेळ बसला म्हणजे काय होतें, याचा दाखला शोधावयास दूर जावयास नको. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा तोच दाखला होय. पावसाळ्यांत नदीला मोकळी वाट हवी, नाहीं तर गाळ सांचतो आणि पाणी कांठावर चढतें. पावसाळा सरल्यावर तीच धार अडविली पाहिजे, नाहीं तर उन्हाळीं पीक वाळतें. दोन्ही गरजा ओळखून खांबांच्या खांचांत बरगे घालावयाचे व पावसापूर्वीं ते काढावयाचे, अशी सोपी युक्ति निघाली आणि राज्यभर पसरली. परंतु याही बंधाऱ्याचा जीव तारखेंत आहे. बरगे लवकर घातले आणि परतीचा पाऊस जोरानें आला तर पाणी शेतांत शिरतें. उशीर केला तर पाणी वाहून जातें. तेव्हां बंधारा बांधणाराचें ज्ञान आणि पाऊस जाणणाराचें ज्ञान एके ठिकाणीं आलेंच पाहिजे.

सरकारासही ही गरज उमगली होती. जागतिक बँकेच्या साह्यानें १९९५ सालीं सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पांत माहिती वापरणारांचे गट स्थापन करण्याची योजना होती. मोजणाऱ्या खात्यानें वापरणारांस आधीं विचारावें कीं तुम्हांस काय पाहिजे, हा तिचा हेतु. पुढील टप्प्यांत कृष्णा व भीमा खोऱ्यांकरितां पाऊस आणि नदीची पातळी तत्काळ कळविणारी यंत्रणा हातीं घेण्यांत आली. यंत्रें हवींतच, पण ती विचारण्याची रीत गांवापर्यंत पोंचली पाहिजे.

परदेशांतील एक गोष्ट येथें बोधप्रद आहे. कॅनडाच्या अति उत्तरेकडील बर्फाळ मुलुखांत, जेथें कारखाने जवळजवळ नाहींत, तेथील इन्युइट लोकांच्या अन्नांत, सील व देवमासा यांच्या चरबींत, दूरच्या देशांतून वाऱ्यानें व समुद्रप्रवाहांनीं आलेलीं विषारी द्रव्यें सांपडलीं. १९९१ सालीं तेथील सरकारनें यासाठीं संशोधनकार्य उभारिलें व त्याच्या कारभारांत त्या लोकांचे प्रतिनिधि बसविले. शास्त्रज्ञास द्रव्याचें प्रमाण मोजावयाचें होतें. आईस विचारावयाचें होतें कीं मुलास काय खाऊं घालूं. दोघे एका बैठकींत आल्यामुळें पारंपरिक अन्नांतील पोषण सोडूं नये, पण कोणत्या पदार्थांस आवर घालावा, असा उपयोगी सल्ला देतां आला. तेथील पुराव्याचा उपयोग अशा द्रव्यांवर निर्बंध घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम करारासही झाला.

आपल्याकडे निर्णय घेणारे अनेक आहेत व त्यांचे हितसंबंध एक नाहींत. ज्या धरणांचे दरवाजे माणसाच्या हातीं आहेत तेथें पाटबंधारे अधिकाऱ्यास ऑगस्टांत पुरासाठीं जागा रिकामी ठेवावयाची असते, आणि पावसाळा संपतां धरण भरलेलेंही हवें असतें. जागा ठेवून पाऊस गेला तर उन्हाळ्यांत ऊस वाळवल्याचा दोष. धरण भरून पाऊस आला तर गांव बुडविल्याचा दोष. त्यास नुसता जोरदार पावसाचा इशारा पुरत नाहीं. पुढील तीन दिवसांत धरणांत किती पाणी येईल आणि तो अंदाज चुकण्याचा संभव किती, हें सांगावें लागतें. आणि आपणही हें ओळखिलें पाहिजे कीं अंदाज म्हणजे खात्री नव्हे. एकदां मोटर व्यर्थ काढावी लागली म्हणून पुढचा इशारा झुगारून देणें घातक होय.

यास्तव सभासद बंधूंस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक नदीकांठच्या गांवानें मे महिन्यांतच आपले प्रश्न लेखी पाटबंधारे कार्यालयाकडे व तहसीलदारांकडे द्यावे: राजाराम बंधाऱ्यावर ३९, ४३ व ५० फूट असतां आमच्या गांवीं पाणी कोठें असेल, आणि किती तासांनीं? दुसरी, २०१९ व २०२१ च्या पुराच्या खुणा देवळाच्या, शाळेच्या व चावडीच्या भिंतीवर रंगानें कायम कराव्या आणि समुद्रसपाटीपासून त्यांची उंची मोजून घ्यावी. तसें केलें म्हणजे त्या खुणा शास्त्रज्ञाच्याही कामास येतील. तिसरी, प्रत्येक पुरांत इशारा केव्हां मिळाला व पाणी प्रत्यक्ष केव्हां आलें याची तारीख-वेळेसह नोंद गांवच्या वहींत ठेवावी, आणि पूर ओसरल्यावर ती वही अधिकाऱ्यांपुढें मांडावी. तोंडी गाऱ्हाण्यास उत्तर मिळेलच असें नाहीं. तारीखवार नोंदीस उत्तर देणें कोणत्याही खात्यास भाग पडतें.

या कामास पैसा फारसा लागत नाहीं. एक वही, रंगाचा एक डबा आणि वेळेवर लिहिणारा एक मनुष्य पुरे. येत्या पावसाळ्यापूर्वीं निदान नदीकांठच्या गांवांनीं तरी याचा प्रारंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.