एका अंगठ्याने वाचलेला कायदा

अमेरिकेत नोकरी गेली की आरोग्यविमाही जातो, हे न्यू जर्सीतल्या मराठी घरांना सांगावं लागत नाही. या विचित्र सांगडीचं मूळ महायुद्धात आहे. 1942मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली, तेव्हा माणसं टिकवायला मालकांनी विमा देऊ केला. तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. पुढे 1965मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणलं. मधले लोंबकळतच राहिले.

त्यांच्यासाठी अध्यक्ष ओबामांनी 23 मार्च 2010 रोजी आरोग्यविमा सक्तीचा करणाऱ्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधीगृहात 219 विरुद्ध 212. रिपब्लिकन मत एकही नाही. गंमत म्हणजे सक्तीच्या विम्याचा हाच प्रयोग 2006मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये केला होता तो मिट रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नरांनी!

2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी कायदा वाचवला, पण मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सासने तो आजवर केलेला नाही. माझ्या मते कायद्याला सगळ्यात खोल जखम झाली ती इथे. त्यापुढे 2013मध्ये उद्घाटनालाच कोसळलेली वेबसाइट ही किरकोळ फजिती.

खरी कसोटी 28 जुलै 2017च्या पहाटे. ट्रम्प अध्यक्ष, दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांची. मेंदूच्या कर्करोगाचं निदान नुकतंच झालेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन सिनेटमध्ये पुढे आले आणि त्यांनी अंगठा खाली केला. हा कायदा मोडू पाहणारं विधेयक 51 विरुद्ध 49 मतांनी पडलं. लोकांच्या लक्षात तो अंगठा राहिला. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या रिपब्लिकन सिनेटरांचीही मतं विरोधात नसती तर तो वाया गेला असता, हे मात्र कुणी फारसं आठवत नाही. आणि या तिघांच्या मागे होती लोकांची धास्ती. आधीपासून आजार असलेल्याला विमा नाकारता येणार नाही, हे एक कलम घरोघरी पोचलं होतं. कायदा न आवडणाऱ्यांनाही ते सोडवत नव्हतं.

त्याआधी, 1 ऑक्टोबर 2013 रोजी, हा कायदा अडवण्यासाठी रिपब्लिकनांनी सरकारी कामकाज बंद पाडलं होतं. बरोबर बारा वर्षांनी, 1 ऑक्टोबर 2025 रोजी ते पुन्हा ठप्प झालं. या वेळी याच कायद्याखालचं वाढीव अनुदान टिकावं म्हणून डेमोक्रॅट अडून बसले होते. 43 दिवसांनी कचेऱ्या उघडल्या. ते वाढीव अनुदान मात्र 31 डिसेंबरला संपलं.