पावसाळा सोसणारं घड्याळ

कर्जत तालुक्यातल्या कशेळ्यातून समुद्र दिसत नाही. तरीही कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात राबणाऱ्या माणसाला स्वस्त आणि टिकाऊ घड्याळ घ्यायचं असेल, तर त्याने पाणबुड्यांच्या धाटणीचं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून लागला की चिखलणी, मग लावणी, पोटरीभर पाण्यात दिवसच्या दिवस ओणवं राहायचं. खांडसहून भीमाशंकरच्या शिडी घाटाने पर्यटकांना वर नेणारी पोरं सकाळी भिजतात ती संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत. पाऊस सरला की वीटभट्ट्या पेटतात आणि चार महिने माती उडते. अशा मनगटावर साधं घड्याळ दोन पावसाळे काढत नाही. आधी काचेआड वाफ धरते, मग डायलवर डाग, शेवटी काटे थांबतात.

पाणी आत शिरतं कसं, हे समजून घेतलं तर निवड निम्मी सोपी होते. उन्हात काम करताना घड्याळ तापतं, आतली हवा फुगते. तोच हात गार पाण्यात गेला की हवा आक्रसते, आतला दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी फटीतून ओढलं जातं. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटणारं पाणी पेज नदीला येतं. एप्रिलच्या उन्हात तापलेलं मनगट त्यात बुडवा, हाच खेळ होतो. फटी तीन ठिकाणी असतात: मागचं झाकण, काचेची कड आणि चावी. तिन्ही जागी पाणी अडवायला असते ती रबराची बारीक रिंग. पाणबुड्यांच्या घड्याळात झाकण सहसा आट्यांचं असतं आणि चावीसुद्धा आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची असते. त्यामुळे फांदीत अडकून किंवा बाहीला लागून चावी बाहेर ओढली जात नाही. निम्मा फरक या चावीत आहे.

उरलेला फरक परीक्षेत आहे. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एक बार धरतात. झाकणावर नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ असेल, तर ते घड्याळ हात धुण्यापुरतं आणि शिंतोड्यांपुरतंच. ५ बारचं क्वचित पोहायला चालेल, रोज पाण्यात असणाऱ्याने १० बारच्या खाली जाऊ नये. हे आकडे स्थिर पाण्यातल्या दाबाचे असतात, हात आपटून पोहण्याचे नव्हेत. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी ‘आयएसओ ६४२५’ हे वेगळं मानक आहे आणि ते फार कडक आहे. २०० मीटरचं घड्याळ २५० मीटरइतक्या दाबाखाली दोन तास ठेवतात. चाळीस अंशांच्या पाण्यातून पाच अंशांच्या पाण्यात आणि परत चाळीसच्या पाण्यात घालतात, म्हणजे वर सांगितलेला आपल्या शेतातलाच खेळ. मिठाच्या पाण्यातही बुडवून ठेवतात. मुख्य म्हणजे साध्या घड्याळांसारखी नमुन्यादाखल चार उचलून तपासणी इथे चालत नाही, दाबाची परीक्षा प्रत्येक घड्याळाला द्यावी लागते. या परीक्षेत उतरलेल्या घड्याळावर ‘डायव्हर्स’ असा शब्द मीटरच्या आकड्यासोबत छापतात. नुसता ‘२०० एम’ हा आकडा त्याच्या बरोबरीचा नाही.

काचेभोवतीचं फिरतं कडं शोभेचं नसतं. ते एकाच बाजूला, डावीकडे फिरतं. चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसावा आणि पाणबुड्याने लवकर वर यावं, यासाठी ही तजवीज. पाण्याखालचा हिशेब आता जगभर डाइव्ह कॉम्प्युटर ठेवतो, घड्याळ जोडीला असतं. पण खांडसहून निघताना कड्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणली, की चढणीला किती वेळ गेला ते कुणालाही एका नजरेत कळतं. शेतावरचा पंप लावला तेव्हाही तीच सोय.

आपल्या मुलखाला ही घड्याळं नवी नाहीत. फावर-ल्यूबा या स्विस कंपनीने १८६५ मध्ये मुंबईत बस्तान बसवलं, वेस्ट एंड वॉच कंपनीने १८८६ मध्ये. फावर-ल्यूबाने १९६४ मध्ये ‘डीप ब्लू’ हे २०० मीटरचं घड्याळ काढलं आणि त्याच दशकात खोली दाखवणारं ‘बॅथी’सुद्धा. आपल्या आजोबांच्या मनगटावर मात्र असायची ती ‘सी चीफ’ किंवा ‘सी किंग’. नावात समुद्र असला तरी ती रोज चावी द्यायची, सणासमारंभाची घड्याळं. आज मुंबईच्या जुन्या बाजारात ती चकाचक रंगवलेल्या डायलसह मिळतात. आठवण म्हणून जरूर घ्यावीत, पण त्यांना पाणी दाखवू नये. डायल नवा रंगवला म्हणून आतल्या रिंगा नव्या होत नाहीत.

आता खरेदीचं. हाताने राबणाऱ्याने ऑटोमॅटिकच्या मोहात पडू नये. सेलवरचं क्वार्ट्झ घड्याळ वेळ नेमकी दाखवतं, धक्के जास्त सोसतं आणि दुरुस्तीचा खर्च किरकोळ. कॅसिओचं ‘ड्युरो’, आट्यांची चावी आणि २०० मीटरची क्षमता असलेलं, पाच आकडी रकमेच्या बरंच खाली मिळतं. त्याच्यावर ‘डायव्हर्स’ लिहिलेलं नसतं, तरी भातशेतीला ते पुरून उरेल. खिसा थोडा मोठा असेल तर सिटिझनचं प्रकाशावर चालणारं ‘प्रोमास्टर’ घ्यावं. ते ‘डायव्हर्स’ आहे आणि एकदा पूर्ण भरलं की सुमारे सहा महिने चालतं, म्हणजे अंधारलेल्या आषाढ-श्रावणाचीही काळजी नाही. सेल बदलायला झाकण वारंवार उघडावं लागत नाही, हा त्याचा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो. ज्याच्या हातात सतत पहार-कुदळ असते त्याने सरळ जी-शॉक घ्यावं. १९८३ मध्ये ते निघालं तेच दहा मीटरवरून पडलं तरी फुटू नये या हट्टातून.

ऑटोमॅटिकच हवं असेल तर एक जागा सांभाळा. सेइकोचं ‘एसकेएक्स’ हे १९९६ पासूनचं नावाजलेलं पाणबुड्यांचं घड्याळ २०१९ मध्ये बंद झालं. त्याच्यासारखंच दिसणारं नवं ‘सेइको ५ स्पोर्ट्स’ १०० मीटरचं असून त्याची चावी आट्यांची नाही. ओरिएंटचं ‘कमासू’ २०० मीटरचं, आट्यांच्या चावीचं आणि नीलमणी काचेचं आहे. साध्या खनिज काचेवर वाळूचा कण ओरखडा काढतो, नीलमणी काचेवर नाही. भट्टीवरच्या माणसाला हा फरक वर्षभरात दिसेल. पट्टा चामड्याचा नको, पावसात कुजतो. नायलॉनचा किंवा स्टीलचा घ्यावा. रेझिनचा चालतो, पण काही वर्षांनी तो ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून बदलीचा पट्टा सहज मिळेल असंच मॉडेल पाहावं.

पण कुठल्याही घड्याळाचं आयुष्य शेवटी त्या रबरी रिंगेवर ठरतं. बारीक, काळी. उन्हाने, घामाने, साबणाने ती कडक होते, चपटी पडते. मीटरचा आकडा झाकणावर कोरलेलाच राहतो, अडवण्याची ताकद मात्र गेलेली असते. ओल्या हाताने चावी उघडू नये, आणि बसवताना आटे पूर्ण बसले की नाही ते पाहावं. शंका आली तर मानकातलीच एक साधी परीक्षा घरी करता येते. घड्याळ उन्हात चांगलं कोमट होऊ द्या, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. थेंबाच्या जागी आतून धुकं धरलं तर ओल आत गेली आहे. ते घड्याळ त्याच दिवशी दुरुस्तीला न्या.

सेल बदलायचा तो पावसाळ्यात बदलू नका. झाकण उघडलं की बाहेरची दमट हवाच आत कोंडली जाते. आगोटीच्या खरेदीला निघाल्यावर घाईत हे काम उरकण्यापेक्षा दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. दुकानदाराला सेलबरोबर झाकणाची रिंग बदलायला आणि तिला सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. दाब तपासायचं यंत्र त्याच्याकडे नसेल तर कर्जतला किंवा मुंबईला जिथे असेल तिथे एकदा घड्याळ दाखवून आणा. नवं घड्याळ घ्यायला पैसे नसले, तरी एवढं यंदा जरूर करा.