खंडणी मागायची, पण घ्यायची कशी?

डिसेंबर 1989 मध्ये हजारो डॉक्टर, संशोधक आणि कंपन्यांच्या टपालात एक फ्लॉपी येऊन पडली. तिच्यावर लिहिलं होतं, एड्सविषयी माहिती. संगणकात घातली की खरोखरच एक प्रश्नावली उघडायची आणि उत्तरं दिली की तुम्हाला या रोगाचा धोका किती, तेही सांगायची. तेवढ्यात आत एक मोजणी सुरू झालेली असे. पुढे तो संगणक साधारण 90 वेळा सुरू केला गेला, की फायलींची नावं अगम्य अक्षरांत बदलायची, फोल्डर दिसेनासे व्हायचे आणि पडद्यावर मागणी झळकायची : 189 डॉलर पनामातल्या अमुक टपालपेटीवर पाठवा. अशा सुमारे 20 हजार फ्लॉप्या वाटल्या गेल्या होत्या.

पाठवणारा जोसेफ पॉप हा हार्वर्डमध्ये शिकलेला उत्क्रांतिशास्त्रज्ञ, बबून माकडांचा अभ्यासक. मालवेअरच्या उत्क्रांतीतलं एक मोठं वळण एका उत्क्रांतीवाल्याच्या नावावर जमा असावं, हा योगायोग मोठा गमतीचा. जगातलं पहिलं रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारं मालवेअर, म्हणून त्याची फ्लॉपी ओळखली जाते. पण धंदा म्हणून ती साफ बुडाली. पॉप पकडला गेला, ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला भरला आणि मानसिक अवस्थेमुळे तो खटल्याला उभं राहण्यास अपात्र ठरला.

मालवेअरचा इतिहास बहुधा घरफोडीच्या कौशल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो : कोणी कोणती भिंत कशी फोडली. मला त्यात वसुलीचा इतिहास जास्त दिसतो. आत शिरणं तेव्हाही जमत होतं. पैसा पदरात पाडून घेऊन सुटायचं कसं, हे जमत नव्हतं. पॉपच्या आधीच्यांना आणि नंतरच्याही काहींना तर पैशाची ओढही नव्हती. 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' व्हायरस लिहिला आणि त्यात चक्क स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर घातला. 1988 मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याच्या 'वर्म'ने तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटचा बराच भाग ठप्प केला, त्यालाही त्यातून दमडी मिळायची नव्हती. 2000 सालच्या 'आय लव्ह यू' व्हायरसने जगभरच्या कचेऱ्यांची झोप उडवली. मनिलातल्या त्या तरुणाला हवे होते ते लोकांच्या इंटरनेट जोडणीचे पासवर्ड, कारण पैसे भरून इंटरनेट घेणं त्याला परवडत नव्हतं.

पॉपच्या दोन अडचणी होत्या. पहिली गणिताने सोडवली. त्याच्या प्रोग्रामात बंद करणारी आणि उघडणारी किल्ली एकच होती आणि ती प्रोग्रामातच दडलेली होती. जाणकारांनी प्रोग्राम उसवला, किल्ली काढली आणि सुटकेचं सॉफ्टवेअर वाटून टाकलं. 1996 मध्ये अॅडम यंग आणि मोटी युंग या संशोधकांनी इशारा दिला की व्हायरसने 'पब्लिक की' पद्धत वापरली, तर हा उपाय चालणार नाही. दाबून बंद होणारं कुलूप घ्या. ते लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. गुन्हेगार असं उघडं कुलूप व्हायरसबरोबर धाडतो आणि किल्ली स्वतःपाशी ठेवतो. व्हायरस प्रत्येक संगणकावर एक नवी तात्पुरती किल्ली तयार करतो, तिने फायली बंद करतो आणि मग ती तात्पुरती किल्लीच त्या कुलपाआड टाकतो. काम नीट केलेलं असेल, तर प्रोग्रामचा बाइट न् बाइट तपासूनही हाती काही लागत नाही. हेच गणित आपले ऑनलाइन व्यवहार सुरक्षित ठेवतं, हा त्यातला खरा उपरोध.

दुसरी अडचण, म्हणजे माग न लागू देता पैसे घ्यायची, सुटायला 2009 उजाडलं. त्या वर्षी बिटकॉइन आलं. खातं उघडायला नाव नको, पत्ता नको, मध्ये बँक नको. सप्टेंबर 2013 मध्ये 'क्रिप्टोलॉकर'ने ही दोन्ही उत्तरं एकत्र आणली आणि 72 तासांची मुदत देऊन वसुली सुरू केली. अर्थात बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार सगळ्यांना दिसेल असा कायमचा नोंदलेला राहतो. 2021 मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने खंडणीपोटी भरलेल्या 75 बिटकॉइनपैकी 63.7 एफबीआयने परत मिळवले, ते याच नोंदींचा माग काढून.

वसुली कच्ची असेल तर नुसता गाजावाजा होतो. 12 मे 2017 रोजी सुटलेल्या 'वॉनाक्राय'ने सुमारे 150 देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक गाठले. मागणी प्रत्येकी 300 डॉलरची. पण सगळ्यांना मोजकीच तीन बिटकॉइन खाती दिलेली, त्यामुळे पैसे नेमके कोणी भरले हे कळायला धड मार्गच नव्हता. भरून उपयोग नाही, ही बातमी पसरली. जमा झाले जेमतेम 1 लाख 40 हजार डॉलर. पुढच्याच महिन्यातलं 'नॉटपेट्या' तर खंडणीचं नुसतं सोंग होतं, त्यात फायली सोडवायची सोयच नव्हती. युक्रेनवर सोडलेलं ते अस्त्र मर्स्क या जहाज कंपनीत शिरलं आणि तिथून थेट आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलवर पोचलं. कंटेनरची कामं खोळंबली.

वसुली कशी चोख बसवता येते, हे वर्षभराने पुण्याने पाहिलं. एरवी तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता, तेव्हा विनंती बँकेच्या 'स्विच'कडे जाते. स्विच ती कोअर बँकिंग प्रणालीकडे पाठवतो, तिथे शिल्लक तपासली जाते आणि होकार परत येतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरच्या हल्ल्यात चोरांनी मालवेअरच्या मदतीने मध्ये एक तोतया स्विच बसवला. तो कोणाला काही न विचारता होकार देत राहिला. 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. त्या दुपारपासून अवघ्या काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे 12 हजार वेळा पैसे काढले गेले. रक्कम सुमारे 78 कोटी. भारतात अडीच कोटी निघाले, त्यांतले काही कोल्हापुरात. सोमवारी 'स्विफ्ट' या आंतरबँक संदेशयंत्रणेमार्फत आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटींच्या वर. विनंती कोअर बँकिंगपर्यंत पोचतच नसल्याने एकाही खातेदाराच्या शिल्लकेला धक्का लागला नाही. गेला तो बँकेचा पैसा.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे या प्रकरणाची गणना उत्तर कोरियाशी जोडलेल्या हल्ल्यांत केली. यात प्रोग्राम लिहिणाऱ्यापेक्षा मला त्याच्या व्यवस्थापकाचं जास्त नवल वाटतं. 28 देशांत, ठरल्या वेळी, कार्ड हातात घेऊन यंत्रासमोर उभी राहणारी माणसं जमवायची, त्यांनी रोकड घेऊन पळू नये हे बघायचं आणि वाटा वर पोचवायचा! 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं, ती या साखळीतली खालची माणसं. हाँगकाँगच्या पैशातला काही भाग परत आला, कारण तो रोकड झालेला नव्हता, खात्यात होता.

आता आपल्या खिशातल्या फोनकडे येऊ. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलान म्हणून येणारी एपीके फाइल हे आजचं मालवेअर. ती उघडून एसएमएस वाचायची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. 'डिजिटल अटके'त तर तेवढंही लागत नाही. व्हिडिओ कॉलवर सीबीआयचा तोतया अधिकारी बसतो आणि घाबरलेला माणूस आपल्या हातांनी पैसे पाठवतो. पण दोन्हीकडे पैसा पडतो तो एकाच प्रकारच्या जागी : हजार-दोन हजारांच्या कमिशनसाठी कोणी विद्यार्थ्याने, कोणी बेरोजगाराने वापरायला दिलेल्या 'म्यूल' खात्यात. तिथून तो काही मिनिटांत तुकडे होऊन दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात पसरतो आणि शेवटी रोकड किंवा क्रिप्टो होऊन निसटतो.

म्हणून बचावाचा रोखही इकडे वळला आहे. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने तयार केलेलं 'म्यूलहंटर' व्हायरस शोधत बसत नाही. महिनोन् महिने निपचित पडलेल्या खात्यात अचानक चहूबाजूंनी रकमा येऊन लगेच बाहेर जाऊ लागल्या, अशी लक्षणं ते हेरतं. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार झाली की तिथलेही लोक आधी चोराचा शोध घेत नाहीत. पैसा त्या क्षणी कोणत्या खात्यात आहे ते बघून त्या बँकेला तो गोठवायला सांगतात. पहिल्या खात्यातून तो पुढे गेला असेल तर दुसऱ्या, तिथूनही गेला असेल तर तिसऱ्या.