पंचवीस आणि चोवीस यांत अंतर किती?

पौर्णिमेची वंदना आटोपली, खीरदान झाले आणि विहारातच महिलांच्या बचत गटाची बैठक बसली. कर्जाचा विषय निघाला तशी एक भगिनी म्हणाली, "ताई, मी औंदा गटाकडं मागितलंच नाही. बाहेरून घेतलं. गटाचं व्याज वर्षाला चोवीस टक्के, त्या माणसाचं पंचवीस. एका रुपयासाठी चारचौघींपुढं कशाला तोंड वेंगाडायचं?"

तिने पिशवीतून हप्त्यांचे कार्ड काढून दाखवले. कर्ज 20,000 रुपये, आठवड्याला 500, हप्ते पन्नास. चौतीस हप्त्यांपुढे सह्या झालेल्या होत्या.

"चल, फळ्यावर मांडून बघू," मी म्हटले. ती एकदम मागे सरकली. "नको ताई. गणित म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. सातवीत त्यातच नापास झाले अन्‌ शाळा सुटली." बाकीच्या हसल्या. पण हसणाऱ्यांपैकी एकही उठून फळ्यापाशी आली नाही.

ही बाई भाजी विकते. सव्वातीन किलो कांद्याचे पैसे तोंडी सांगते, सुट्टे परत देताना कधी चुकत नाही. मग फळ्यावरचा आकडा पाहून तिचे हातपाय का गळावेत?

अखेर आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला. वाचक भगिनींनीही कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावा. गटाचे व्याज शेकडा दोन रुपये महिना, तेही शिल्लक राहिलेल्या मुदलावर. वीस हजार बारा सारख्या हप्त्यांत फेडले, तर पहिल्या महिन्याचे व्याज 400 रुपये. पुढे मुद्दल उतरेल तसे व्याजही उतरते. वर्षाचे एकूण व्याज होते 2,600 रुपये. बाहेरच्या माणसाने मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण वीस हजारांचे पंचवीस टक्के, म्हणजे 5,000 रुपये काढले आणि ते पन्नास हप्त्यांत वाटून टाकले. चारशे मुद्दल, शंभर व्याज. चाळीस हप्ते फिटून अवघे चार हजार मुद्दल उरेल, तेव्हाही व्याज चालू वीस हजारांचेच! सरासरी धरली तर वर्षभर तिच्या हाती दहा हजारांच्या आसपासच रक्कम राहते. दहा हजारांवर पाच हजार, म्हणजे व्याज शेकडा पन्नासच्या घरात गेले. चोवीस आणि पंचवीस यांतले अंतर एक रुपयाचे नव्हते, 2,400 रुपयांचे होते.

बैठकीत बराच वेळ कुणी बोलले नाही.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपले वाडवडील राबत होते, त्या काळी रुपयाला महिना एक आणा व्याज घेणारे लोक पगाराच्या दिवशी दारात उभे असत. एक आणा ऐकायला किती लहान! पण बारा महिन्यांचे बारा आणे होतात आणि रुपयाचे आणे सोळा. म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. आजही ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, स्वतःच्या नाही. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षणात मोडी-बाळबोध लिहिण्यावाचण्याबरोबर हिशेब शिकवावा, असे सांगितले होते. उगीच नाही.

आणि फळ्याची भीती म्हणाल, तर तिलाही इतिहास आहे. परमपूज्य बाबासाहेब शाळेत असताना शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवायला फळ्याजवळ बोलावले. त्याबरोबर वर्गात एकच गलका झाला, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे ठेवलेले होते. आधी डबे हलवले, मग भीमरावांना फळ्यापाशी जाता आले. हा प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. त्याच विद्यार्थ्याने 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि पानोपानी आकड्यांचे कोष्टक मांडले. गणित आपल्या रक्तात नाही, असे आपल्यातलेच काही पालक मुलांदेखत बोलतात, त्यांना हे सांगावेसे वाटते.

मुलांची अडचण मात्र खरी असते. मराठीत 27 लिहिताना आधी दोन येतो, बोलताना आधी सात. एकोणतीस म्हणताना कानावर तीस पडतो, लिहायचे असते दोनावर नऊ. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन दिले, तेव्हा केवढी टिंगल झाली! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी कारणे समजावून सांगितली, पण ऐकून घेणारे थोडे. ज्यांच्या घरी आजोबांपासून पावकी-निमकी पाठ होती, त्यांना त्यात विनोद दिसला. ज्या घरात पाढे म्हणवून घेणारे कुणीच नव्हते, त्यांना कुणी विचारले नाही. मला स्वतःला 'सत्तावीस' गोड वाटतो, पण अडखळणाऱ्या मुलाला 'वीस सात'चा टेकू दिला तर भाषा बुडत नाही.

आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे. पण कशाला कशाने गुणायचे हे काही तो सांगत नाही.

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या, त्यांतली एक समजीविता. तराजू धरणाऱ्याला पारडे कुठे झुकले हे कळते, तसे गृहस्थाला आपली आवक-जावक कळली पाहिजे. आमच्या विहारात पुढच्या रविवारी याच सुत्ताचे वाचन झाले आणि लगेच प्रत्येकीने आपापले कार्ड फळ्यावर मांडले. दोघींच्या कार्डावर हप्त्यांची बेरीजच चुकलेली निघाली.

आमच्या भाजीवाल्या भगिनीने हप्तेवाल्याला विचारले, "आज सगळं मिटवलं तर किती द्यायचं?" तो म्हणाला, "सोळा हप्ते राहिले, आठ हजार." ती म्हणाली, "भाऊ, त्यात सहा हजार चारशे मुद्दल आहे. पुढच्या सोळा आठवड्यांचं सोळाशे रुपये व्याज आजच कसं झालं?"

साहेबांना विचारून सांगतो, असे म्हणून तो त्या दिवशी हप्ता न घेताच गेला.