वाळवंटातला शिंजीर

दुबईत राहायला गेलेल्या मराठी माणसाला पक्ष्यांच्या बाबतीत फारसं परकं वाटत नाही. कावळा आहे, साळुंकी आहे, लालबुड्या बुलबुलही आहे. पण हे सगळे त्याच्यासारखेच बाहेरून आलेले. कावळा जहाजांबरोबर आखातात पोचला, साळुंकी आणि हा बुलबुल पिंजऱ्यांतून सुटून फोफावले. जांभळा शिंजीर मात्र मूळचा तिथलाच. व्हिएतनामपासून भारत, इराण ओलांडत आलेली त्याची वस्ती अमिराती आणि ओमानमध्ये संपते. राजस्थान-गुजरातकडचा शिंजीर आणि अरबस्तानातला, दोघे एकाच उपजातीचे. निसर्गअभ्यासक ब्लॅनफर्ड यांनी १८७३ मध्ये तिचं वर्णन केलं.

जेमतेम दहा सेंटिमीटरचा हा पक्षी. विणीच्या काळात नर उन्हात निळा-जांभळा चमकतो. हंगाम सरला की ती झळाळी उतरते आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी उरते. गाणं त्याचं, बांधकाम मात्र सगळं मादीचं.

थंडी ओसरू लागली की ती कामाला लागते. लोंबती फांदी निवडायची, कोळ्याच्या जाळ्याचे धागे गुंडाळून आधार पक्का करायचा, मग त्यात गवत, सुकी पानं, सालीचे कपटे, सुरवंटांची विष्ठासुद्धा चिकटवायची. आत मऊ अस्तर. त्याला रुईच्या बोंडातला कापूस उत्तम, आणि रुई अमिरातीत माळोमाळ उगवते. बाजूला दार, दारावर छोटीशी पडवी. बाहेरून पाहावं तर वाऱ्याने फांदीला अडकलेला कचरा! हा गबाळेपणा कामी येत असावा. नीटनेटकं घरटं कावळ्याच्या नजरेत लगेच भरलं असतं. शिवाय बंद भिंती आणि पडवीमुळे अंड्यांवर थेट ऊन येत नाही. दोन-तीन अंडी मादी एकटीच उबवते. पिल्लांना किडे-कोळी भरवायला मात्र नर येतो.

सुगरणीत याच्या उलट. तिथे विणकर नर. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला हे प्रकरण बारकाईने पाहिलं: नर अर्धवट घरटं विणतो, मादी पसंत करते, मग तो पुढच्या घरट्याला आणि पुढच्या मादीकडे वळतो. शिंजिराची मादी निदान कुणाच्या पसंतीवर अडून राहत नाही.

अमिरातीत बंद घरटी इतरही करतात. वटवट्या झुडपात बुटकं, घुमटी घरटं करतो. पांढऱ्या कंठाची मुनिया काटेरी झाडात गवताचा गोळा कोंबते. पण शिंजिराच्या घरट्याची सर त्यांना नाही.

घरट्याला झाड हवं. वाळवंटातल्या मूळच्या झाडांत मानाचं झाड घाफ, म्हणजे आपली दसऱ्याची शमी. ते तिथलं राष्ट्रीय झाड. दुबईच्या मुश्रिफ उद्यानात घाफचं रान आजही आहे. पण शहरात शिंजीर वाढला तो पाणी देऊन जगवलेल्या बागांमुळे. मधाची फुलं आणि किडे तिथे एकत्र मिळतात. याच बागांची कुंपणं ऐन वसंतात छाटली जातात आणि घरटी कात्रीखाली जातात.

म्हणून तिथल्या वाचकांना एवढंच सांगणं: फेब्रुवारी ते मे बागेची छाटणी लांबवा. बाल्कनीतल्या तारेला असा कचरा लोंबताना दिसला तर झाडू हाती घेण्यापूर्वी बाजूला दार आहे का पाहा. असेल तर महिनाभर कपडे दुसरीकडे वाळत घाला. अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ लागतो.